८ सप्टेंबर : एका तारखेवर श्रवणसभा कशी बांधावी

तुमचा प्रश्न असा आहे : वाचनालयातल्या मासिक श्रवणसभेसाठी ‘एकाच तारखेला जन्मलेले, पण वेगवेगळ्या संगीतप्रकारांतले कलावंत’ हा विषय ठरला आहे. दोन तासांचा वेळ आहे. तारीख कोणती घ्यावी, जन्मतारखा कितपत खऱ्या मानाव्यात, आणि सिंफनी, लोकसंगीत, फिल्मी गाणी असं सगळं एकत्र आणल्यावर सभा विस्कळीत तर होणार नाही ना?

तारीख आधी सांगतो : ८ सप्टेंबर. चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक (१८४१), अमेरिकन कंट्री, म्हणजे तिथल्या ग्रामीण भागातून आलेल्या, संगीताचा आद्य गायक जिमी रॉजर्स (१८९७), आसामचे भूपेन हजारिका (१९२६), कंट्री गायिका पॅट्सी क्लाइन (१९३२) आणि आपल्या सांगलीच्या आशा भोसले (१९३३) या सगळ्यांचा जन्म ८ सप्टेंबरचा. या पाच जणांना जोडणारे दुवे खरोखर आहेत, आणि ते कानाला कळतात. म्हणून मी ही तारीख सुचवतो.

नुसत्या योगायोगाला फारशी किंमत देऊ नका. एका खोलीत २३ माणसं असली, तर त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. जगभरात होऊन गेलेले नामवंत संगीतकार तर हजारोंनी आहेत, तेव्हा वर्षातल्या कुठल्याही तारखेवर बोट ठेवा, पाच-सहा मोठी नावं सापडतातच. ‘अरे, यांचाही आजच!’ हे श्रोत्यांचं नवल पहिल्या दोन मिनिटांत संपतं आणि पुढचे दोन तास तुम्हाला संगीतावरच काढायचे असतात. श्रवणसभांची आखणी करताना मी एकच कसोटी लावत आलो आहे : दोन ध्वनिमुद्रणं पाठोपाठ वाजवली, तर दुसरं ऐकताना पहिलं आठवलं पाहिजे. ते होत नसेल, तर दोघांची जन्मवेळसुद्धा एकच असली तरी त्यांना एकत्र आणू नये.

आता तारखांच्या खरेपणाबद्दल. इथे सावध राहायला हवं, कारण सभेत कुणीतरी जाणकार असतोच, आणि असावाही.

जुन्या युरोपीय संगीतकारांच्या बाबतीत पंचांग कोणतं, हे पाहावं लागतं. योहान सेबास्टियन बाख आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँ ही जोडी सगळ्यांना मोह घालते, कारण दोघांची तारीख २१ मार्च दिली जाते. पण बाखचा जन्म १६८५ सालचा, आणि त्याच्या प्रोटेस्टंट प्रदेशात तेव्हा जुनं ज्युलियन पंचांगच चालू होतं. आजच्या पंचांगाने तो दिवस ३१ मार्च येतो. चायकोव्हस्कीचं उलटं : रशियन पंचांगाने २५ एप्रिल, आपल्या हिशोबाने ७ मे १८४०. हँबुर्गमध्ये जन्मलेल्या ब्राम्सचीही तारीख ७ मेच (१८३३). आणि रवींद्रनाथ टागोरांचीही ७ मे (१८६१), फक्त बंगाल ती २५ बैशाख म्हणून पाळतो, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी थोडी हलते. बीथोव्हेनच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, १७ डिसेंबर १७७०. जन्माची नोंद नाही.

आपल्याकडे जन्म तिथीने लक्षात ठेवला जाई. पंडित भातखंडे गोकुळाष्टमीचे, विष्णु दिगंबर पलुस्कर श्रावणी पौर्णिमेचे. त्यांच्या इंग्रजी तारखा, अनुक्रमे १० ऑगस्ट १८६० आणि १८ ऑगस्ट १८७२, तिथीशी ताडून पाहता येतात, म्हणून त्यांवर भरवसा ठेवता येतो. जिथे तिथीही नाही आणि जन्मनोंदही नाही, तिथे शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली ती कायमची झाली. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं इतकी का, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लोककलावंतांच्या यादीत १ जून किंवा १ जानेवारी दिसली, की तिच्या आधारावर सभा बांधू नका.

आणि कधी कलावंताला स्वतःलाच आपली तारीख ठाऊक नसते. लुई आर्मस्ट्राँग आयुष्यभर ४ जुलै १९०० सांगत आला. तो गेल्यानंतर, १९८०च्या दशकात, न्यू ऑर्लिन्समधल्या चर्चची बाप्तिस्म्याची नोंद सापडली आणि त्यात निघाली ४ ऑगस्ट १९०१. ही तारीख मनात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

८ सप्टेंबरच्या पाचही जणांच्या तारखा पक्क्या आहेत. (जिमी रॉजर्सच्या जन्मगावावर मात्र वाद आहे, मिसिसिपीतलं मेरिडियन की अलाबामातलं एक खेडं, यावर अजून भांडतात.)

सभेची सुरुवात द्वोर्झाकपासून करा, पण जन्माच्या क्रमाने जायचं म्हणून नव्हे. पहिली गोष्ट त्याच्या न्यूयॉर्कच्या दिवसांची आहे आणि तिथूनच रस्ता थेट ब्रह्मपुत्रेच्या काठावर जातो.

प्रागजवळच्या नेलाहोझेव्हेस गावातल्या खाटकाचा आणि खाणावळवाल्याचा हा मुलगा. पन्नाशी ओलांडल्यावर, सप्टेंबर १८९२मध्ये, तो न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक होऊन अमेरिकेत आला. ही शाळा जेनेट थर्बर या बाईंनी चालवली होती आणि तिचे दरवाजे मुलींना आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उघडे होते. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. द्वोर्झाकला वर्षाला १५,००० डॉलर देऊ केले होते. अमेरिकन संगीताला स्वतःचा आवाज सापडावा, ही अपेक्षा होती. तो आवाज त्याला सापडला हॅरी बर्ली या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या गळ्यात. बर्लीचे आजोबा गुलामगिरीतून सुटलेले. त्यांच्याकडून ऐकलेली स्पिरिच्युअल गीतं, म्हणजे गुलामांची भक्तिगीतं, बर्ली द्वोर्झाकच्या घरी त्याला गाऊन दाखवी. १८९३च्या मे महिन्यात द्वोर्झाकने वर्तमानपत्रातून जाहीरच केलं, की या देशाचं पुढचं संगीत या कृष्णवर्णीयांच्या गीतांवर उभं राहिलं पाहिजे. गोऱ्या अमेरिकेला ते पचायला जड गेलं. त्याच वर्षी १६ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये त्याची नववी सिंफनी, ‘नव्या जगातून’, पहिल्यांदा वाजली.

तिचा दुसरा भाग, लार्गो, वाजवा. पूर्ण नको, तो बारा मिनिटांच्या आसपास जातो. सुरुवातीचे पितळी वाद्यांचे गंभीर स्वरसंघ आणि त्यानंतर कोर आंग्ले या वाद्यावरची धून, एवढी चार-पाच मिनिटं पुरे. आपल्या श्रोत्यांना ती धून लगेच जवळची वाटते, आणि त्याला कारण आहे : ती बहुतेक पाच स्वरांतच फिरते. भूप ऐकलेल्या कानाला तिथे परकं काही लागत नाही. त्यात कुठलंही मूळ स्पिरिच्युअल उचललेलं नाही, हेही सांगा. धून द्वोर्झाकची स्वतःची. उलट तीच इतकी लोकांची झाली, की १९२२मध्ये त्याच्याच एका विद्यार्थ्याने तिच्यावर शब्द बसवले आणि लोक तिला जुनं स्पिरिच्युअल समजून गाऊ लागले.

इथून सहा दशकं पुढे या. त्याच न्यूयॉर्कमध्ये आसामातल्या सदियाला जन्मलेला एक तरुण कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. भूपेन हजारिका. लहानपणीच, ज्योतिप्रसाद अगरवालांच्या ‘इंद्रमालती’ (१९३९) चित्रपटात ते गायले होते, पुढे बनारसला राज्यशास्त्र शिकले आणि १९५२मध्ये कोलंबियातून त्यांनी डॉक्टरेट घेतली. त्या वर्षांत त्यांची भेट पॉल रोब्सनशी झाली. रोब्सन म्हणजे स्पिरिच्युअल गीतांना जगाच्या रंगमंचावर नेणारा कृष्णवर्णीय गायक, आणि त्या काळी आपल्या राजकीय मतांसाठी अमेरिकन सरकारचा रोष ओढवून घेतलेला माणूस. त्याच्या आवाजातलं ‘ओल’ मॅन रिव्हर’ हे मिसिसिपी नदीचं गाणं भूपेनदांनी ऐकलं आणि आसामला परतल्यावर त्यातून ‘बिस्तीर्ण पारोरे’ जन्मलं. मिसिसिपीच्या जागी लुइत, म्हणजे ब्रह्मपुत्रा. तिच्या दोन्ही काठांवरच्या असंख्य माणसांचा हाहाकार ऐकूनही, म्हातारे लुइत, तू निःशब्द का वाहतेस, असा तिला जाब. बंगालीत आणि हिंदीत तीच गंगा झाली. ‘गंगा बहती हो क्यों’ हे पंडित नरेंद्र शर्मांचे शब्द आपल्याकडे अनेकांना पाठ आहेत.

हा दुवा मला फार मोलाचा वाटतो. ८ सप्टेंबरला जन्मलेली दोन माणसं, एक बोहेमियाच्या खेड्यातला, दुसरा आसामच्या पूर्व टोकाचा, दोघेही परके म्हणून न्यूयॉर्कला आले, आणि दोघांच्याही संगीताला वळण दिलं ते तिथल्या सर्वांत नाडलेल्या लोकांच्या गाण्याने. द्वोर्झाकला बर्ली भेटला, भूपेनदांना रोब्सन. दोघेही ते घेऊन आपापल्या घरी परतले. द्वोर्झाक अमेरिकेत राहिला असता तर काय झालं असतं, भूपेनदा प्राध्यापकीतच रमले असते तर काय, असे प्रश्न श्रोते विचारतील. विचारू द्या.

वाजवताना क्रम असा ठेवा : लार्गो, मग रोब्सनचं ‘ओल’ मॅन रिव्हर’, आणि लगेच भूपेनदांचं आसामी ‘बिस्तीर्ण पारोरे’. हिंदी नको, आसामीच. अर्थ आधी मराठीत वाचून दाखवा. रोब्सनचा जन्म या तारखेचा नाही, पण त्याला पाहुणा म्हणून घ्यायलाच हवं, तो मधला पूल आहे. अशा सभेत पाहुणे तीन-चारच असावेत, आणि प्रत्येकाने दोघांना जोडायचं काम केलं पाहिजे. रोब्सनच्या खर्जाकडे लक्ष वेधा. भूपेनदांचा आवाज त्याच्याइतका भारदस्त नाही, पण शब्द उभे करायची, एकेका प्रश्नावर थांबायची रीत तीच आहे.

भूपेनदांवरून आशाताईंकडे जायला सरळ वाट आहे. कल्पना लाजमींच्या ‘रुदाली’चं (१९९३) संगीत भूपेनदांचं. ‘दिल हूम हूम करे’ सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ते वाजवू नका. त्याच चित्रपटातलं ‘समय ओ धीरे चलो’ आशाताईंच्या आवाजात वाजवा. एकाच वाढदिवसाचे दोन कलावंत, एकाने रचलेलं आणि दुसरीने गायलेलं. असं प्रत्यक्ष मिळणं दुर्मीळ. इथे पहिला भाग संपवून चहा द्या.

दुसऱ्या भागाची सुरुवात आगगाडीने करा. द्वोर्झाकला आगगाड्यांचं वेड होतं. त्याच्या लहानपणीच गावावरून प्राग–ड्रेस्डेन लोहमार्ग गेला होता. प्रागला असताना तो स्टेशनवर जाऊन इंजिनं न्याहाळी, त्यांचे क्रमांक आणि वेळापत्रक लक्षात ठेवी. न्यूयॉर्कलाही गाड्या बघायला शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाई. जिमी रॉजर्सच्या घरची तर भाकरीच रेल्वेवर होती. वडील लाइनवरच्या मजुरांच्या टोळीचे मुकादम, आणि जिमी स्वतः ब्रेक्समन, म्हणजे डब्यांचे ब्रेक लावणारा कामगार. ‘गाणारा ब्रेक्समन’ हीच त्याची ओळख झाली. लोहमार्गावर काम करणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांकडून त्याच्या कानावर ब्लूज, म्हणजे त्यांची दुःखाची गाणी, पडला. १९२४मध्ये क्षयाचं निदान झालं, अंगमेहनतीचं काम सुटत गेलं आणि गाणं हेच पोटाचं साधन झालं. ऑगस्ट १९२७मध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पिअरने त्याची पहिली ध्वनिमुद्रणं केली. मे १९३३मध्ये तो गेला, पस्तिसाव्या वर्षी. शेवटचं ध्वनिमुद्रण त्याने मृत्यूच्या दोन दिवस आधी केलं. इतकी थोडी वर्षं, पण कंट्री संगीताचं सन्मान-दालन १९६१मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या तीन नावांत त्याचं नाव होतं.

त्याचं ‘ब्लू योडल नंबर ९’ वाजवा. जुलै १९३०, हॉलिवूड. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू, जेमतेम तीन मिनिटं. रचना बारा बारांच्या, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांच्या, गटांची, सरळ ब्लूजची, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी योडल. हे योडल काय असतं ते श्रोत्यांना आधी सांगा : गाता गाता छातीच्या आवाजातून एकदम फॉल्सेटोत, म्हणजे वरच्या पातळ आवाजात उडी मारायची आणि परत यायचं. आपल्या तालमीत या दोन आवाजांमधला सांधा दिसू नये म्हणून वर्षानुवर्षं मेहनत करून घेतात. योडलमध्ये तोच सांधा उघडा ठेवायचा, त्याचा तडा हीच त्याची गोडी. जिमीच्या गळ्यात तो तडा दुःखाचा वाटतो, आल्प्समधल्या योडलसारखा आनंदी नाही.

पण या तबकडीत आणखी एक जण आहे. जिमीच्या प्रत्येक ओळीला जो ट्रंपेट उत्तर देतो, तो लुई आर्मस्ट्राँगचा, आणि पियानो त्याची पत्नी लिल हार्डिनचा. त्या काळात अमेरिकन कंपन्या गोऱ्या गावकऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या तबकड्या वेगळ्या यादीत विकत, त्यामुळे या तबकडीवर आर्मस्ट्राँगचं नावच छापलं नव्हतं. चाळीस वर्षांनी, १९७०मध्ये, त्याने दूरचित्रवाणीवर जॉनी कॅशबरोबर हेच गाणं पुन्हा वाजवलं, तेव्हा अनेकांना ते पहिल्यांदा कळलं.

आता ती मनात ठेवलेली तारीख. ४ ऑगस्टला जन्मलेला आपला माणूस कोण? किशोरकुमार, ४ ऑगस्ट १९२९, खांडवा. किशोरदांनी योडल उचललं ते भाऊ अनूपकुमारांच्या संग्रहातल्या परदेशी तबकड्यांवरून, आणि त्यांत ज्यांचं नाव घेतलं जातं ते दोघे म्हणजे जिमी रॉजर्स आणि न्यूझीलंडचा टेक्स मॉर्टन. म्हणजे एका बाजूला ८ सप्टेंबरचा गायक ४ ऑगस्टच्या ट्रंपेटवाल्याबरोबर गातो, आणि त्या गायकाची कला समुद्रापलीकडे जाऊन ४ ऑगस्टच्याच दुसऱ्या माणसाच्या गळ्यात उतरते. हे सांगताना आवाज चढवू नका. ‘ब्लू योडल’नंतर ‘मैं हूँ झुमरू’ (१९६१) लावा, श्रोत्यांना स्वतःच कळेल. किशोरदांनी त्या तड्यातलं दुःख काढून तिथे मस्ती भरली, हा फरक त्यांच्या तोंडून येऊ द्या.

आणि त्यानंतर ‘अंदाज’मधलं (१९७१) ‘ज़िंदगी एक सफ़र है सुहाना’, पण आशाताईंच्या आवाजातलं. शंकर–जयकिशनचं हे गाणं चित्रपटात किशोर, रफी आणि आशा अशा तिघांच्या आवाजांत आहे. किशोरदांचं इतकं गाजलं की बाकीची दोन विसरली गेली. इथे आशाताईंचं लावलं की जिमीपासून निघालेली वाट पुन्हा ८ सप्टेंबरला येऊन मिळते.

गोव्याचा धागा जोडायची इच्छा असेल, तर इथेच जागा आहे. मुंबईच्या सिनेसंगीतात जॅझ आणला तो गोव्याच्या वादकांनी. चिक चॉकोलेट, मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ, याला तर ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’च म्हणत, सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) गाण्यांमागे त्याचा ट्रंपेट आहे. सी. रामचंद्रांचंच ‘ईना मीना डीका’ (१९५७) किशोर आणि आशा दोघांनीही वेगवेगळं गायलं, आणि त्यातलं ‘माका नाका’ हे अस्सल कोकणी आहे. वेळ कमी पडला तर हा धागा सोडा, मुख्य ओळ तुटणार नाही.

‘चेमिरोचा’ मात्र सोडू नका. जिमी रॉजर्सच्या तबकड्या केनियातही पोहोचल्या होत्या. १९५०मध्ये ह्यू ट्रेसी हा संग्राहक तिथल्या किप्सिगिस लोकांची गाणी मुद्रित करत हिंडत होता. त्याला मुलींनी एक गाणं ऐकवलं, ‘चेमिरोचा’ नावाच्या कुणा अर्ध्या माणसाचं, अर्ध्या हरणाचं. जिमी रॉजर्सचं नाव त्यांच्या जिभेवर असं झालं होतं. तबकडीतून येणारा हा आवाज माणसाचाच आहे, यावर त्यांचा पुरता विश्वास बसला नसावा. दीड-दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण आहे, ते किशोरदांच्या आधी ठेवा. एकच आवाज आफ्रिकेत आणि मध्य भारतात किती निराळा रुजला, ते शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होतं.

पॅट्सी क्लाइन आणि आशाताई यांच्यात असा इतिहासाचा दुवा नाही. दोघींमध्ये बरोबर एक वर्षाचं अंतर आहे, एवढंच. तरी त्या जोडीची मला खात्री आहे, कारण दोघी मायक्रोफोनच्या गायिका. पॅट्सीचं ‘क्रेझी’ (१९६१) हे विली नेल्सनचं गाणं. त्या वर्षी जूनमध्ये मोटार अपघातात ती मरता मरता वाचली होती. ऑगस्टमध्ये ती स्टुडिओत उभी राहिली, तेव्हा दुखावलेल्या बरगड्यांमुळे वरचे स्वर लागेनात. साथ मुद्रित करून ठेवली आणि काही दिवसांनी परत येऊन तिने आवाज भरला. ऐकताना ठेक्याकडे कान ठेवा : शब्द मात्रेवर पडत नाही, किंचित मागून येतो, जणू म्हणावं की न म्हणावं अशा संकोचात. मार्च १९६३मध्ये विमान कोसळून ती गेली. वय तीस.

तिच्या शेजारी आशाताईंचं ‘आओ हुज़ूर तुमको’ (‘किस्मत’, १९६८) ठेवा. ओ. पी. नय्यरांचं संगीत. इथे मागे रेंगाळणं आहे, पण संकोचाचं नाही, नशेचं आणि आमंत्रणाचं. लय कुठेही ढळत नाही आणि तरी गाणारी लयीशी खेळते आहे. हे दोन पाठोपाठ ऐकले की गायिका ठेक्याशी काय काय करू शकते, हे कुठल्याही व्याख्यानाशिवाय समजतं. तुमच्या श्रोत्यांत मराठी भावगीताचे चाहते जास्त असतील, तर नय्यरांऐवजी ‘तरुण आहे रात्र अजुनी’ चालेल. सुरेश भटांचे शब्द आणि हृदयनाथांची चाल, रेंगाळण्याचा तिसराच प्रकार.

शेवट पुन्हा द्वोर्झाकपाशी न्या, पण यावेळी चारच वाद्यांवर. १८९३च्या उन्हाळ्यात तो आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल या चेक वस्तीच्या गावी राहायला गेला आणि तिथे जूनमध्ये, अवघ्या दोनेक आठवड्यांत, त्याने ‘अमेरिकन’ क्वार्टेट लिहिलं : दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. त्याचा अखेरचा भाग साडेपाच मिनिटांच्या आसपास आहे. त्यातली धावती लय अनेकांना आगगाडीची वाटते. मलाही वाटते, आणि जिमी ऐकून झालेल्या श्रोत्यांना सांगायची गरज पडत नाही. त्याच्यामागून, नेमक्या त्याच चार वाद्यांच्या संचाबरोबर, आशाताई. २००५मध्ये क्रोनोस क्वार्टेटने राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा एक संच केला, त्यात सत्तरी ओलांडलेल्या आशाताई गायल्या आणि झाकीर हुसेन तबल्यावर होते. त्यातलं ‘रिश्ते बनते हैं’ लावा. वयाची किनार आलेला तो आवाज तंतुवाद्यांत असा मिसळतो, की फिल्मी आणि अभिजात हा तुमचा प्रश्न श्रोत्यांच्या मनात उरत नाही.

तरुण मंडळी येणार असतील, तर त्यांच्यासाठी स्वीडनचा आविची आहे, ८ सप्टेंबर १९८९. नृत्यसंगीताचा हा निर्माता ‘हे ब्रदर’मध्ये (२०१३) डॅन टिमिन्स्की या ब्लूग्रास, म्हणजे कंट्रीच्याच एका शाखेच्या, गायकाचा आवाज वापरतो. त्याची जागा जिमी आणि किशोरदांच्या टप्प्यात, चित्रपटगीतांच्या आधी. इंग्रज संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस आणि गायिका पिंक यांचीही तारीख हीच आहे, पण त्यांना घेऊ नका. दोघांचंही काम चांगलं आहे, या ओळीत मात्र त्यांना जागा नाही.

थोडं तांत्रिक. १९३०ची तबकडी आणि २००५चं ध्वनिमुद्रण एकाच आवाजपातळीवर येत नाहीत. सगळ्या फायली आधी एकदा त्याच खोलीत, त्याच स्पीकरवर ऐकून प्रत्येकीची पातळी कागदावर लिहून ठेवा. जुन्या तबकडीची खरखर पूर्ण काढलेल्या आवृत्त्या टाळा, खरखरीबरोबर आवाजाचा वरचा भागही जातो आणि योडलचा तडा बोथट होतो. निवेदन दर तुकड्याआधी दोन मिनिटांच्या वर नको, आणि गाणं चालू असताना अजिबात नको. सभा वाचनालयाबाहेर, सभागृहात, तिकीट लावून करणार असाल तर आयपीआरएस (गीत-संगीताचे हक्क सांभाळणारी संस्था) आणि पीपीएल (ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणारी) यांच्या परवान्यांची चौकशी आधीच करा.

ही सभा जमली, तर त्याच महिन्यातली दुसरी तारीख सुचवून ठेवतो : २१ सप्टेंबर. इंग्लंडचा गुस्ताव होल्स्ट (१८७४), मंगेशीचे पंडित जितेंद्र अभिषेकी (१९२९) आणि कॅनडाचा लेनर्ड कोहेन (१९३४). होल्स्ट लंडनमध्ये संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः भाषांतरं करून त्याने ती समूहगानासाठी बांधली आणि सावित्रीच्या कथेवर ऑपेरा लिहिला. अभिषेकीबुवा पुरोहिताच्या घरातले आणि संस्कृतचे पदवीधर. कोहेन साठी ओलांडल्यावर मुंबईत येऊन अद्वैत वेदान्ताचे गुरू रमेश बाळसेकर यांच्या सत्संगाला बसत असे. कोहेनचं ‘इफ इट बी युअर विल’ आणि बुवांचं ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’, दोन्ही प्रार्थना, पाठोपाठ लावून बघा आणि पुढची आखणी तिथून सुरू करा.